हजार धावा, सात फूट उंची आणि आपल्या गल्लीतलं पोरगं : हवा झालेल्या खेळाडूचं पुढे काय होणार, हे ओळखायचं कसं?

(या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे म्हणजे' काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

एरंडोलमधून, नेहमीसारखाच, दार-खिडक्या लावून रेकॉर्ड करतोय. मधेच हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या.

आजचा विषय तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. व्हॉट्सॲप उघडा, कुठल्यातरी ग्रुपवर एक रील असेलच. चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं, एकामागून एक सिक्स मारतंय. किंवा सहा फूट उंचीचा नववीतला मुलगा सगळ्यांच्या डोक्यावरून चेंडू बास्केटमध्ये टाकतोय. खाली लिहिलेलं, 'पुढचा सचिन', 'भारताचा लेब्रॉन'. आणि त्याच्याही खाली, 'याला कोणी चान्स देणार नाही, गरीब आहे ना'. आपण फॉरवर्ड करतो, चहा पितो, विसरून जातो.

पण त्या पोराच्या घरी कोणी विसरत नाही. तिथे खरा निर्णय चालू असतो. दहावीनंतर कॉलेज की अकॅडमी? पुण्याला पाठवायचं का? वर्षाची फी, राहणं, जेवण, बूट, किट. कापसाचे पैसे आले की भरू, नाहीतर सोनं मोडू. सगळा डाव एका रीलवर, एका स्कोअरवर किंवा कोणीतरी म्हटलेल्या 'पोरात दम आहे भो' या वाक्यावर. म्हणून आज एकच प्रश्न घेऊ. एखाद्या पोराची हवा झाली, तर त्यातलं खरं किती आणि हवा किती, हे कसं तपासायचं? बास्केटबॉलवर येऊच. पण सुरुवात आपल्या महाराष्ट्रातल्या गोष्टीने, कारण असा हिशोब शिकायला याहून चांगली शाळा नाही.

एक हजार नऊ

जानेवारी २०१६. कल्याण. भंडारी कप ही आंतरशालेय स्पर्धा. के. सी. गांधी शाळेचा पंधरा वर्षांचा प्रणव धनावडे पहिल्या दिवसअखेर ६५२ वर नाबाद होता. दुसऱ्या दिवशी डाव घोषित झाला तेव्हा १००९ नाबाद. चेंडू ३२७, चौकार १२९, षटकार ५९. त्याआधीचा विक्रम १८९९ सालचा होता, इंग्लंडमधल्या ए. ई. जे. कॉलिन्सचा ६२८ नाबाद. एकशे सोळा वर्षं टिकलेला विक्रम रिक्षाचालकाच्या मुलाने मोडला. जगभरात बातमी झाली, सचिनने बॅट पाठवली, मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिन्याला १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली.

आता त्या पोराचं श्रेय तसूभरही कमी न करता, स्कोअरकार्डचा दुसरा अर्धा भाग वाचू. समोर आर्य गुरुकुल शाळा. त्यांचा पहिला डाव ३१ वर आटोपला, दुसरा ५२ वर. के. सी. गांधीच्या धावा तीन बाद १४६५. म्हणजे प्रणवच्या १००९ वजा केल्या तरी ४५६ उरतात, त्या बाकीच्यांच्या आणि अवांतर. समोरची बरीच मुलं वयाने लहान होती, मैदानाची एक बाजू जवळ होती, झेलही सुटत गेले.

यातून काय कळतं? प्रणवची भूक आणि दम नक्की कळतो. दोन दिवस तीच एकाग्रता ठेवायची, कंटाळायचं नाही, हे पंधराव्या वर्षी सोपं नाही. पण चांगल्या वेगवान गोलंदाजापुढे तो काय करेल, हे त्या डावातून कळूच शकत नाही. तो प्रश्न त्याला त्या मैदानावर कोणी विचारलाच नव्हता.

म्हणून पहिला नियम लिहून घ्या. आकडा बघायच्या आधी समोर कोण होतं ते बघा. वजनकाट्यावर माल ठेवायच्या आधी आपण काटा शून्यावर आहे का ते बघतो ना? तसंच.

पुढे त्या मुलाचं काय झालं, तेही ऐका, कारण हवेची किंमत तिथे कळते. त्याच वर्षी मे महिन्यात पश्चिम विभागाच्या १६ वर्षांखालील संघात अर्जुन तेंडुलकरची निवड झाली आणि सोशल मीडिया पेटला. 'हजार धावा करणारा बाहेर, सचिनचा मुलगा आत!' फॉरवर्ड तर तुम्हीही वाचला असेल. पण विभागाचा संघ निवडला जातो तो राज्याच्या संघाकडून खेळलेल्या मुलांमधून, आणि प्रणव त्या मोसमात मुंबईच्या त्या वयोगटाच्या संघात नव्हताच. नियम इतका साधा. पण तो कोणी सांगितला नाही आणि दोन पोरांना आपण उगाच एकमेकांसमोर उभं केलं. २०१७ मध्ये प्रणवच्या घरच्यांनीच असोसिएशनला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवायला सांगितलं, कारण धावा होत नव्हत्या. विचार करा, सतरा वर्षांचं वय. त्यानंतरच्या वर्षांत मुंबईच्या रणजी संघात त्याचं नाव आलं नाही.

आणि लगेच 'फेल गेला' म्हणू नका. फेल कशात? आपण त्याला न विचारता त्याच्यासाठी ठरवलेल्या परीक्षेत?

चार मोठे स्कोअर, चार वेगळे रस्ते

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये दोन मोठ्या स्पर्धा आहेत. हॅरिस शिल्ड म्हणजे १६ वर्षांखालील, गाइल्स शिल्ड म्हणजे १४ वर्षांखालील. तिथल्या तीन खेळी प्रणवच्या बाजूला ठेवू.

सर्फराज खान, २००९, हॅरिस शिल्ड, ४३९ धावा. वय बारा.
अरमान जाफर, २०१०, गाइल्स शिल्ड, ४९८ धावा. वय बारा.
पृथ्वी शॉ, २०१३, हॅरिस शिल्ड, ५४६ धावा. वय चौदा.
आणि प्रणव, २०१६, १००९.

स्कोअरच्या क्रमाने भविष्य ठरलं असतं, तर प्रणव सगळ्यात पुढे आणि सर्फराज सगळ्यात मागे असायला हवा होता. घडलं काय? पृथ्वी शॉने ऑक्टोबर २०१८ मध्ये, अठराव्या वर्षी, राजकोटला कसोटी पदार्पणात १३४ धावा केल्या. सर्फराजही राजकोटलाच कसोटीत आला, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये, सव्वीस वर्षांचा होऊन. शाळेतल्या ४३९ पासून चौदा वर्षांहून जास्त काळ. मधल्या काळात त्याने रणजीच्या एका मोसमात ९२८ आणि पुढच्या एका मोसमात ९८२ धावा काढल्या होत्या, तरी रांगेतच. अरमान मुंबईकडून रणजी खेळला, उपांत्य सामन्यात शतकही केलं, भारताच्या कसोटी संघापर्यंत मात्र पोचला नाही.

आणि पृथ्वी? सगळ्यात लवकर वर गेला. २०१८ मध्ये १९ वर्षांखालील वर्ल्डकप जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार. पण कसोट्या पाचच, शेवटची डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला. २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातूनही त्याला वगळलं, आणि त्याच वर्षीच्या आयपीएल लिलावात कोणी बोली लावली नाही. पुढे तो महाराष्ट्राच्या संघाकडून खेळायला लागला आणि रणजीत द्विशतक करून पुन्हा उभा राहिला.

मग पृथ्वी आणि सर्फराज बाकीच्यांपेक्षा वेगळे कुठे ठरले? पायरी बदलल्यावर. पृथ्वीने रणजी पदार्पणात शतक केलं, दुलीप ट्रॉफीच्या पदार्पणात शतक केलं, कसोटी पदार्पणात शतक केलं. प्रत्येक वेळी समोरचा गोलंदाज आधीपेक्षा बरा, मैदान मोठं, वय वाढलेलं, आणि तरी धावा होत होत्या. हा दुसरा नियम. खालच्या पायरीवर किती मोठं केलं याला कमी मार्क द्या, वरच्या पायरीवर गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत काय केलं याला जास्त.

आणि पृथ्वीच्याच गोष्टीतून तिसरा. वर पोचणं ही एक परीक्षा, तिथे टिकणं ही वेगळी परीक्षा. टिकायला लागतो फिटनेस, झोप, शिस्त, आणि गोलंदाजांनी तुमची खोड पकडली की खेळात बदल करायची तयारी. हे पंधराव्या वर्षीच्या रीलमध्ये दिसत नाही.

एकच ड्रेसिंग रूम, तीन पोरं

आता थोडं मागे जाऊ. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्ड. शारदाश्रमचे दोन विद्यार्थी, ६६४ धावांची अखंड भागीदारी. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. कांबळीने नंतर गोलंदाजी करून सहा विकेटही घेतल्या. त्या दिवसाचा स्कोअर बघून कोणी पैज लावली असती, तर विनोदवर लावणारा वेडा ठरला नसता.

आणि पॅड बांधून आपली पाळी यायची वाट बघत एक तिसरा मुलगा बसला होता. अमोल मुझुमदार. तिघांचेही गुरू एकच, रमाकांत आचरेकर सर.

सचिनचं सांगायला नको. कांबळी सतरा कसोट्या खेळला, सरासरी ५४.२०, लागोपाठच्या दोन कसोट्यांत दोन द्विशतकं, आणि शेवटची कसोटी १९९५ मध्ये, तेविसाव्या वर्षी. अमोलने रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा जमवल्या, पण भारताकडून एकही सामना खेळला नाही. त्याच्या काळात मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण बसलेले. खुर्च्याच भरलेल्या. मग माणूस कितीही चांगला असू दे, बसणार कुठे?

तोच अमोल मुझुमदार नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत वर्ल्डकप जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक होता.

म्हणून चौथा नियम. पोरगं किती चांगलं आहे हा अर्धा प्रश्न, वर जागा किती आहेत हा उरलेला अर्धा. आणि खेळात राहायचे रस्ते खेळण्यापलीकडेही असतात.

आता बास्केटबॉल

बास्केटबॉलमध्ये जागांचा हिशोब अजून कडक आहे. एनबीएमध्ये संघ तीस. प्रत्येकात नेहमीच्या करारावरचे जास्तीत जास्त पंधरा खेळाडू. म्हणजे साडेचारशे खुर्च्या, आणि त्यासाठी सगळं जग रांगेत. दरवर्षी ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. नेहमी दोन फेऱ्या, साठेक नावं.

या धंद्यात कोट्यवधी डॉलर पणाला असतात. पोरं हेरायला पगारी माणसं ठेवलेली असतात, व्हिडिओ, मोजमाप, आकडे सगळं असतं. तरी काय होतं बघा.

२००२ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या मासिकाच्या मुखपृष्ठावर सतरा वर्षांचा लेब्रॉन जेम्स आला. शाळकरी पोरगा. हवा इतकी की खरी ठरणं अशक्य वाटावं. ती खरी ठरली, आज एनबीएच्या इतिहासात सगळ्यात जास्त गुण त्याच्या नावावर आहेत.

२०१९ मध्ये त्याच मासिकाच्या मुखपृष्ठावर एमोनी बेट्स आला, वय पंधरा. तीच हवा. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव आलं ४९ व्या क्रमांकावर.

२००१ मध्ये क्वामे ब्राउन हा शाळेतून थेट पहिल्या क्रमांकावर निवडलेला पहिला खेळाडू ठरला. निवडणाऱ्यांत खुद्द मायकल जॉर्डन होता. क्वामे सुपरस्टार झाला नाही, लोकांनी वर्षानुवर्षं टिंगल केली. पण हेही ऐका, तो बारा मोसम एनबीए खेळला! साडेचारशे खुर्च्यांपैकी एक खुर्ची बारा मोसम धरून ठेवणारा माणूस 'फेल' कसा? फेल गेली ती लोकांची अपेक्षा.

आणि उलटी बाजू. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये सर्बियाच्या निकोला योकिचचं नाव ४१ व्या क्रमांकावर आलं, तेव्हा अमेरिकेत टीव्हीवर खाद्यपदार्थाची जाहिरात चालू होती. हळू पळतो, उडी नाही, अंगाने गुबगुबीत. पुढे तो तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ मध्ये संघाला विजेतेपद मिळवून दिलं. हेरणाऱ्यांनी पाय आणि पोट मोजलं. पास कुठे द्यायचा हे दोन सेकंद आधी दिसणारी त्याची नजर मोजायला टेप नव्हती.

आपल्या देशातली गोष्ट सतनाम सिंगची. पंजाबातल्या बल्लो के गावचा शेतकऱ्याचा मुलगा, उंची सात फुटांच्या वर. लुधियानाच्या अकॅडमीत शिकला, चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेला, २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडला. भारतात जन्मलेला पहिलाच. आपल्याकडे जल्लोष झाला. पण एनबीएचा एकही मुख्य सामना तो खेळला नाही. त्यांच्या खालच्या लीगमध्ये खेळला आणि परत आला. सात फुटी सेंटरने नुसतं बास्केटखाली उभं राहायचे दिवस तेव्हा संपत आले होते. उंच माणसानेही पळावं, लांबून टाकावं, चपळ खेळाडूला अडवावं, असा खेळ बदलत होता. उंचीने दार उघडलं. आत बसायला उंची पुरली नाही.

उंची आणि जन्मतारीख: दोन फसवे मित्र

इथे थोडं शरीरशास्त्र समजून घेऊ, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

मुलांची उंची सरसकट वाढत नाही. एक झपाट्याचा काळ येतो, मुलांमध्ये साधारण चौदाच्या आसपास, मुलींमध्ये बाराच्या आसपास. पण कोणाला तो बाराव्या वर्षी येतो, कोणाला सोळाव्या. आता चौदा वर्षांखालील सामना डोळ्यांसमोर आणा. एकाला मिशी फुटलीय, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही. वयाचा दाखला दोघांचा बरोबर. पहिला सगळ्यांना ढकलून वीस गुण करतो, आपण म्हणतो 'काय पोरगं आहे!' चार वर्षांनी बाकीचे त्याच्याएवढे होतात. मग त्याच्याकडे काय उरतं? ढकलण्याशिवाय काही शिकलाच नसेल, तर काही नाही.

उलट उदाहरण अँथनी डेव्हिसचं. शाळेत तो सहा फूट दोन इंचांच्या आसपासचा गार्ड होता, म्हणजे चेंडू हाताळणारा, पास देणारा. मग थोड्याच काळात सहा-दहापर्यंत वाढला. उंची आली, आणि बुटकेपणी शिकलेली हातोटीही राहिली. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक.

दुसरा फसवा मित्र जन्मतारीख. वयोगट ३१ डिसेंबर धरून ठरला, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात. फरक अकरा महिन्यांचा. तेराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे केवढी ताकद! जानेवारीवाला निवडला जातो, जास्त सराव मिळतो, जास्त सामने मिळतात, आणि शेवटी तो खरंच पुढे जातो. डिसेंबरवाला 'कच्चा' ठरून घरी बसतो. हे जगभर अनेक खेळांत दिसलेलं आहे. आणि वय चोरायचा प्रकार आपल्याला माहीतच आहे. म्हणून तर बीसीसीआय लहान वयोगटात मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघते.

पाचवा नियम. आजची ताकद वजा करा, मग काय उरतं ते बघा. ते बघायचं सोपं तंत्र म्हणजे त्याला दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलांत खेळवा. तिथे गुण कमी होणारच. पण पास बरोबर जातो का? चेंडू नसताना योग्य जागी उभा राहतो का? मार पडला की चिडतो, की पुढच्या वेळी दुसरं काही करून बघतो? एक तास बघितलं तरी दहा रीलपेक्षा जास्त कळेल.

मग बघायचं काय? हे प्रश्न विचारा

समजा उद्या तुमचा धाकटा भाऊ किंवा तुमच्या मावशीची मुलगी हवेत आहे. शांतपणे बसा आणि हे विचारा.

एक. गेल्या वर्षभरात खेळात नवीन काय आलं? गेल्या वर्षी फक्त उजव्या हाताने खेळत होती, आता डाव्यानेही जमतं का? आजची पातळी हा फोटो आहे, सुधारण्याचा वेग हा व्हिडिओ. भविष्य व्हिडिओत दिसतं.

दोन. वरच्या पातळीवर त्याचं काम काय असेल? शाळेत सहा फुटांचा मुलगा सेंटर असतो. देशाच्या पातळीवर सहा फूट म्हणजे गार्डची उंची. त्याला ड्रिबल, पास, लांबचा शॉट येतो का? शाळेत करतोय ते काम पुढे त्याला मिळणारच नसेल, तर आजचे गुण पुढे चालणार नाहीत.

तीन. पूर्ण सामना बघितला का? रीलमध्ये वीस सेकंद असतात. सुटलेले पास, हातातून गेलेले चेंडू, दमल्यावर चालत परत येणं, हे कापलेलं असतं. चाळीस मिनिटं बघा.

चार. कोणी बघत नसताना काय करतो? पहाटेचा सराव सांगावा लागतो, की आपणहून होतो?

पाच. शरीर काय म्हणतंय? वाढीच्या वयात गुडघे-टाचा दुखणं सर्रास असतं. दुखत असताना 'खेळ रे, फायनल आहे' म्हणणारा प्रशिक्षक असेल, तर काळजी करा.

सहा. तुम्हाला 'नाही' म्हणणारं कोणी आहे का? ज्याला फी मिळणार नाही, ज्याला रीलचे व्ह्यूज मिळणार नाहीत, अशा जाणकाराला विचारा. जो पहिल्याच भेटीत 'इंडिया खेळवतो' म्हणतो आणि दुसऱ्या वाक्यात ॲडव्हान्स मागतो, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

खान्देशातून हिशोब

आता आपल्या मातीतलं गणित. शालेय स्पर्धेत आपली टीम जिल्ह्याला जळगावला खेळते, जिंकली तर नाशिक विभागात, तिथून राज्याला. राज्यात विभाग आठ. बास्केटबॉलच्या संघात बारा जण धरले, तर एका वयोगटात राज्य स्पर्धेला पोचणारी मुलं शंभराच्या आत. त्यातून महाराष्ट्राचा संघ निवडायचा, पुन्हा बारा. म्हणून 'जिल्ह्यात बेस्ट' ऐकलं की आनंद जरूर माना, पेढेही वाटा, पण सोनं मोडू नका. विभागात आणि राज्यात काय झालं, ते बघून पुढचं पाऊल टाका.

दुसरं, 'प्रोफेशनल' या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ नीट समजून घ्या. भारतात बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीग सुरू होतात आणि थांबतात. खरी पोटापाण्याची सोय बहुतेकांना झाली ती नोकरीतून. रेल्वे, सैन्यदल, ओएनजीसीसारख्या कंपन्या. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली, पण तशी जागा देशात एकच. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्याला ठराविक पातळीची कामगिरी आणि प्रमाणपत्राची पडताळणी लागते. दहावी-बारावीत क्रीडा गुण आहेत. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत, तिथे चाचणीतून निवड होते आणि राहण्या-जेवणाचा भार घरावर पडत नाही. खासगी अकॅडमीची फी भरायच्या आधी हे दरवाजे वाजवून बघा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याचं कार्यालय जळगावला आहे, चौकशीला पैसे लागत नाहीत.

आणि शाळा सोडायची नाही. हे आईसारखं बोलतोय असं वाटेल, पण हिशोबाचंच आहे. नोकरीच्या जाहिरातीत खेळाडूलाही शिक्षणाची अट असतेच. खेळ थांबला आणि बारावीही नाही, असं एकदम दोन्हीकडून पोरगं रिकामं व्हायला नको. सहा महिने, वर्षभर अशी मुदत ठरवा. 'वर्षभरात विभागाच्या संघात आला, तर पुढचं बोलू.' मुदत आधी ठरवली, की नंतरचा निर्णय भांडण न होता घेता येतो.

शेवटचं, तुमच्या-आमच्यासाठी

हवा आपणच करतो, अंगठ्याने. रील पाठवायला हरकत नाही, कौतुक करायलाच हवं. फक्त 'पुढचा अमुक' लिहायच्या ऐवजी त्या पोराचं स्वतःचं नाव आणि त्या दिवशी त्याने काय केलं तेवढं लिहा. आणि तीन महिन्यांनी तो शून्यावर बाद झाला, तरी मैदानावर जाऊन टाळ्या वाजवा. तेव्हा त्यांची गरज जास्त असते.

तुमच्या तालुक्यात असं कोणी खेळत असेल, तर पूर्ण सामना बघून मला व्हॉइस नोट पाठवा. गुण किती केले ते सांगू नका. समोर कोण होतं आणि त्याने नवीन काय केलं, तेवढं सांगा. पुढच्या भागात त्यावरच बोलू.

चला, येतो. काळजी घ्या, पाणी प्या, ऊन फार आहे.